तिकडेच जातोय

मे महिन्यात नार्व्याच्या धक्क्यावर दिवाडी बेटावर सुट्टीला निघालेल्या गाड्यांची रांग लागते. फेरीबोटीत कुणी काच खाली करून होमस्टेचा रस्ता विचारला, की विठूकाका म्हणतात, "चला, मी तिकडेच जातोय. त्या होमस्टेच्या पुढंच माझं घर."

मग मागच्या सीटवर मुलांमध्ये दाटीवाटीनं बसून ते त्यांना शेतातले बगळे दाखवतात, शाळा कुठली ते विचारतात. होमस्टेच्या फाटकाशी काका उतरले, की मुलं "बाय आजोबा" म्हणत हात हलवतात.

आजही गाडी आत गेली. काका थोडं थांबले, मागे वळले आणि चालत चालत पुन्हा फेरीबोटीवर आले.

 

साखळी लावता लावता खलाशी म्हणाला, "विठूबाब, चौथी गाडी झाली. आता नार्व्याला उतरलात की सरळ घरी जा."