हात लावलेली झाडं

जनूने टोमॅटोचं पान उलटं केलं, सुलटं केलं आणि तोंड वाकडं केलं. "ताय, हा रोग हाय. औषध नाय याला. उपटून टाक."

अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या अंजनीच्या खोलीच्या दारात, रंगाच्या रिकाम्या डब्यांत चार झाडं होती. चारही साईनाथने, तिच्या नवऱ्याने, लेकरासारखी वाढवलेली. पावसाळ्यात त्याच्या गालात आतून पांढरा चट्टा निघाला, तंबाखू बंद झाली आणि हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून अंजनीनेच रोपं आणून दिली होती. तो रोज फुटवे खुडायचा, फांद्या काठीला बांधायचा. ती चाळभर मिरवायची, आमच्या ह्यांनी एका दिवसात सोडली. आता पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पडले होते आणि शेंडे आखडले होते.

"कंपनीचा धूर लागला असेल," ती म्हणाली. "अंड्याची टरफलं घातली, चुन्याची निवळी घातली. अजून काय करायचं?"

"धुराने गेली असती तर ते पण गेलं असतं ना!" जनूने मोरीच्या तोंडाशी बोट केलं. तिथे खरकट्यातून आपोआप उगवलेलं एक झाड होतं. त्याला कोणी काठी दिली नव्हती की हात लावला नव्हता. ते मात्र टोमॅटोंनी लगडलं होतं.

अंजनीचा हा भाऊ वांगणीला भाजी पिकवतो. मनात येईल ते बोलून मोकळा होणारा माणूस. दारात बसलेल्या साईनाथला त्याने सरळ विचारलं, "भावजी, तंबाखू मळून तसाच हात लावता काय झाडांना? तंबाखूतला रोग हातातनं टोमॅटोला जातो. आमच्याकडं मजुरांना आधी साबणाने हात धुवायला लावतो."

साईनाथने दोन्ही हात मांडीखाली घेतले. चोराच्या मनात चांदणं.

"कधीतरीच," तो म्हणाला. "कामावर सगळेच खातात गं. तुझी शपथ, आजपासून..."

"शपथ नको."

अंजनीला राग यायला हवा होता. आली ती नुसती भीती. ती आत गेली, साबणाने हात धुऊन आली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"आ करा."

"जनूसमोर?"

"आ करा म्हणते ना!"

तोंडात तीन बोटं उभी गेली पाहिजेत, नाहीतर रोग वाढतोय समजायचं, असं चट्टा तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला करून दाखवलं होतं. दिवाळीत तिन्ही बोटं गेली होती. त्यानंतर विश्वास ठेवून तिने बघायचंच सोडलं होतं.

साईनाथने डोळे मिटून आ केला, जेवढा झाला तेवढा. पहिलं बोट गेलं. दुसरं रेटल्यावर गेलं. तिसरं बाहेरच राहिलं.