प्रदीर्घ काव्यसाधना

एक शाल. एक नारळ. हदगाव ते नांदेड, एसटीचं अर्धं तिकीट. सराव करून करून बसलेला घसा.

अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या पंचफुलाबाई आयुष्यातली पहिली कविता वाचायला नांदेडच्या कविसंमेलनात आल्या होत्या. पांढरे केस पाहून संयोजकांनी त्यांना थेट मंचावर मधल्या खुर्चीत बसवलं. अध्यक्षांनी त्यांच्या ‘प्रदीर्घ काव्यसाधने’वर अर्धा तास भाषण ठोकलं.

“दादा, माझा नंबर कवा हाय?” त्यांनी हळूच सूत्रसंचालकाला विचारलं.

“माय, तुम्ही जन्मभर लिहिलंय. आज नवोदितांना वाचू द्या की,” तो हात जोडून म्हणाला.

“बरं. मंग पुढच्या साली कलप लावून येते.”



कविता चार ओळींची होती.