खंदा पाठीराखा

अर्थमंत्री डेक्लन हॅनाफी गळ्यात शहराच्या लाडक्या संघाचा स्कार्फ मिरवतच ऑफिसात शिरले. "महिन्यात चारपैकी चार मॅच जिंकलो, लिनेट! लोकांनी पैसेही दुपटीने लावलेत म्हणे. आता सट्ट्याचा कर नुसता धो-धो येणार."

कराचे आकडे सांभाळणाऱ्या लिनेटने कागद पुढे केला. "निम्माच आलाय."

"निम्मा? तो कसा काय?"

"लावलेल्या पैशांवर कर नसतो, मंत्रीमहोदय. लोक हरतात ती कंपन्यांची कमाई, आणि कर त्या कमाईवर. इथे जो तो घरच्याच संघावर पैसे लावतो. संघ जिंकला, लोक जिंकले, सरकार बुडालं."

"आणि मुलांच्या हॉस्पिटलचा नवा वॉर्ड? निवडणुकीत शब्द देऊन बसलोय मी!"

"मग संघाला हरायला सांगा."

पुढच्याच शनिवारी संघ शेवटच्या मिनिटाला एका गुणाने हरला. चाळीस हजार माणसं डोक्याला हात लावून बसली. घरी टीव्हीसमोर बसलेल्या लिनेटला त्या गर्दीत स्कार्फवाला एकच माणूस उभा राहून टाळ्या वाजवताना दिसला.

समालोचक भारावून म्हणाला, "हरल्यावरही संघाच्या पाठीशी असा उभा राहणारा मंत्री अख्ख्या ऑस्ट्रेलियात सापडायचा नाही!"