मातीची भर

"हे झाड बघा. माळ्यानं दरवर्षी बुंध्याला मातीची भर घातली, आत साल कुजली आणि झाड उभ्या उभ्या वाळलं." शिकवायला आलेल्या मॅडम पडद्यावरच्या फोटोवर काठी टेकवून सांगत होत्या. रोपवाटिकेच्या शेडमध्ये नगरपालिकेचे तीसेक माळी बसले होते. निम्मे पेंगत होते. केरबाच्या मात्र तोंडचं पाणीच पळालं.

लेक गेली तेव्हा तिच्या नावानं त्यानं बागेत बकुळ लावली होती. नऊ वर्षं कुठनं कुठनं तांबडी माती आणून तो बुंध्याशी गुडघाभर ढीग करायचा, आणि वरनं हातानं थोपटायचा. बकुळ वाळली तेव्हा त्याचं डोकंच फिरलं. "शिदूनंच तणनाशक ओतलं," असं त्यानं साहेबाला सांगितलं. वीस वर्षं जोडीनं राबलेल्या शिदूची बागेतनं उचलबांगडी झाली, ती थेट या रोपवाटिकेत.

क्लास सुटला तसा केरबा त्याला हुडकत गेला. शिदू पिशव्या भरत बसला होता.

"शिदू, माझ्याच हातानं गेली रं ती."

"ठाव हाय. गेल्या साली हाच क्लास ऐकला मी."

"मग साहेबाला सांगायचं न्हाईस व्हय? कवाच बागेत परत आला असतास की."

शिदूनं मान वर केली नाही. "आलो असतो. पण मग तुला कळलं असतं की रं, येड्या."