पांढऱ्या शाईचे साठ हेलकावे

"अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ." इमासनं बाटली जागेवर ठेवली आणि दुसरी उचलली.

पांढरी शाई तळाला बसते. रोज हलवली नाही तर छपाई मशीनच्या नळ्यांत तिचा दगड होतो. बांडुंगच्या सुची रस्त्यावर शर्ट छापणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. तिच्या नवऱ्याला, एंकोसलाही होतं.

तीन वर्षांपूर्वी ईदला इमास आधी माहेरी गेली. निघताना बजावून गेली, "दुकान बंद करण्याआधी पांढऱ्या शाईच्या नळ्या धुवा." एंकोस बस गाठायच्या गडबडीत विसरला. बारा दिवसांनी एकटाच परतून पाहतो तर पांढऱ्या शाईची वाट कायमची बंद. मेकॅनिक म्हणाला, तिच्या जागी रंगांचाच दुसरा संच बसवू. काळ्या कापडावर आधी पांढरा थर लागतो, तेव्हा काळे शर्ट आता विसरा. पण पांढरे दुप्पट वेगानं निघतील.

निघालेही. चार मिनिटांचा शर्ट दोन मिनिटांत. "म्हातारपणी मशीनला पाय फुटले की," इमास म्हणाली, आणि चोराच्या मनात चांदणं, एंकोस उगाच पंखा पुसत राहिला.

तिला सांगायची त्याची छातीच झाली नाही. काळे शर्ट म्हणजे इमासचं राज्य होतं. पंधरा वर्षांपूर्वी उजुंग बेरुंग भागातली लांब केसांची, गिटारवाली पोरं दारात ठाण मांडायची. शर्टांच्या छातीवर कवट्या छापून हव्या असायच्या. इमास कसाव्याच्या पिठाचे चिरेंग तळून त्यांच्यापुढे ठेवायची, "आधी खा, मग किंचाळा." फार चांगले दिवस होते ते.

आता पांढऱ्या शाईच्या त्या बाटल्यांत चिरेंगच्याच पिठाचं पाणी होतं. दर शनिवारी तो गुपचूप बदलायचा. त्यांच्या नळ्या मशीनला न जोडता मागच्या बंद डब्यात संपायच्या. नशिबानं काळ्या शर्टांची गिऱ्हाइकंही आटली. "काळच गेला त्यांचा," तो एकदा म्हणाला. "गेला खरा," असं म्हणून इमासनं पिशवी उचलली. दर गुरुवारी ती मोठी पिशवी घेऊन बाजारात जायची आणि दोन जुड्या पालेभाजी घेऊन परतायची.

बुधवारी ती वस्तीतल्या बायकांबरोबर कुराणपठणाला गेली असताना कोमार आला. त्याच पोरांपैकी एक. दहा वर्षं बाताम बेटावर नोकरी करून आलेला, आता टक्कल पडलेला.

"कांग एंकोस, दादा, आपला दार्जा गेला. ढोलवाला," तो म्हणाला. "शुक्रवारी चाळिसावा दिवस. त्याच्या लेकीला आमच्या बँडचा तो जुना शर्ट छापून द्यायचाय. एकच. काळा."

"मशीन जरा..." एंकोस अडखळला.

"दुसरीकडचा नको. दार्जा म्हणायचा, तेह इमासच्या, आपल्या ताईच्या हातचंच पांढरं खरं पांढरं."

एंकोसला नाही म्हणवेना. गेलेल्या माणसासाठी मागितलेला शर्ट, आणि तोही तिच्या नावानं. हो म्हणून तो बसला खरा, पण इमास परतायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. तिला कळलं असतं तर तीन वर्षं रोज साठ वेळा पिठाचं पाणी हलवायला लावल्यावर तो तिला कोणतं तोंड दाखवणार होता?

शेवटी कोरा काळा शर्ट आणि कवटीचं जुनं चित्र काखेत मारून तो रस्त्याच्या पार टोकाला इयेपच्या दुकानी गेला. इयेप त्याचा जुना स्पर्धक. त्याची पायरी एंकोस आयुष्यात चढला नव्हता.

"एवढा एक छापून दे," तो खाली मान घालून म्हणाला. "आणि आमच्या घरी कळू देऊ नकोस. पाया पडतो."

इयेप हसला नाही. शर्ट घेतला, मागचं कपाट उघडलं आणि तिथल्या गठ्ठ्यावर ठेवला. गठ्ठा काळ्या शर्टांचा होता. ताजी पांढरी छपाई, आणि प्रत्येकाच्या गळ्याशी एंकोसच्याच दुकानाचं लेबल.

गठ्ठ्याला इमासच्या अक्षरातली चिठ्ठी टाचलेली होती: 'नेहमीसारखे गुरुवारी नेते. आमच्या ह्यांना कळू देऊ नका.'