एक खाच सोडून

"थांब गं, मला लावू दे," म्हणत आईनं रॅमच्या दोन्ही पट्ट्या ऋताच्या हातातून घेतल्या. एकाच खोक्यातून आलेल्या, अगदी सारख्या. कॉम्प्युटरच्या पोटात चार खाचा होत्या. आईनं दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी दाबल्या. कट्ट आवाज आला तशी ती खूश झाली. जुळ्या ऋता-मितालाही तिनं कायम असंच, एकाच ताग्यातले फ्रॉक घालून एकाच बाकावर बसवलं होतं.

कॉम्प्युटर सुरू झाला, पण स्क्रीन बघून ऋता हसली. "आई, सिंगल चॅनल दाखवतोय. मधे एक खाच सोडायची असते."

"का? जोडीच्याच आहेत ना?"

"शेजारी बसल्या की दोघींना मिळून एकच रस्ता. एकीचं होईपर्यंत दुसरी ताटकळते. लांब बसवल्या की आपापल्या रस्त्यानं सुटतात."

"आणि जोडी तुटत नाही?"

"नाही गं. तेव्हाच तर खरी जमते."

आईनं कॉम्प्युटर बंद करायला लावला आणि एक पट्टी काढून पुढच्या खाचेत बसवली. आता स्क्रीनवर ड्युअल आलं. ती बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिली.

मिता आतल्या खोलीत होती. नागपूरच्या कॉलेजचं नाव काढायचं नाही, बहिणीसोबत सांगलीतच शिकायचं, असं आईनं बजावल्यापासून ती जेवणापुरतीच बाहेर यायची.

आईनं तिच्या दारात उभं राहून विचारलं, "मिते, नागपूरच्या थंडीत चादर पुरते, की रजई लागते गं?"