मास्तरांचा अभिप्राय

हौशी लेखकांच्या त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा नियम सोपा होता: तुम्ही माझी कादंबरी वाचा, मी तुमची वाचतो, आणि अभिप्राय सगळ्यांसमोर द्यायचा. या खेपेला निवृत्त मास्तरांच्या वाट्याला एक शिवणकाम करणारी बाई आली. मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि आपली जाडजूड कादंबरी तिला पाठवून दिली. महिन्याभराने तिच्याकडून फाइल आली. खाली पानांचा आकडा होता, चारशे बारा. मास्तरांनी तेवढाच वाचला. तीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाला उघडून बघायची गरजच काय?

चहा संपायच्या आत त्यांनी ग्रुपवर ठोकून दिलं, "बाई, चारशे पानं नुसतं पाल्हाळ. नायक स्वतःच्याच प्रेमात, भाषा उसनी, शेवट ओढूनताणून आणलेला. शिवणयंत्र चालवणं वेगळं आणि कादंबरी लिहिणं वेगळं. ही छापायच्या भानगडीत पडू नका."

ग्रुपमधल्या साठही जणांनी ते वाचलं. मग बाईंचं उत्तर आलं.

"सर, माझी कादंबरी मी उद्या पाठवणार होते. ही तुमचीच आहे. माप घेतल्याशिवाय कात्री लावायची मला सवय नाही, म्हणून ओळ न् ओळ वाचली आणि शुद्धलेखन तेवढं दुरुस्त करून परत पाठवली. खरं बोलायचा धीर होईना, म्हणून शेवटच्या पानावर 'छान आहे' असं लिहिलं होतं. तुम्हीच बोललात ते बरं झालं. आता ते खोडते."